बियाणं दिल्लीचं, पंचनामा गावचा

मृग लागायच्या आत आमच्या भागात कपाशीचं बियाणं दोन वाटांनी येतं. एक येतं कंपनीच्या ट्रकमधून, पावतीसकट. पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती, कंपनीचा पत्ता आणि केंद्र सरकारने बांधून दिलेली किंमत. २०२५ च्या खरिपात ४७५ ग्रॅमच्या बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या, पाकिटाला ९०१ रुपये. दुसरं येतं रात्री, कधी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, कधी भाजीच्या गाडीत कॅरेटखाली. पाकीट चकचकीत, नाव झोकदार, पण पत्ता नाही आणि पावती मागायची सोय नाही. याला सगळे ‘चोर बीटी’ म्हणतात. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की तण जळतं आणि कपाशीची पराटी उभी राहते, ती ही जात. तिला देशात लागवडीची परवानगी नाही. पण गावात कोणी किती एकर पेरली ते पारावर बसलेल्या कोणालाही विचारा, तो गट नंबरासकट सांगेल.

काही वर्षांपूर्वी जूनमध्येच एका कृषी सेवा केंद्रात खताची चौकशी करत उभा होतो, तेव्हा तिथे भरारी पथक आलं. त्यांनी साठा रजिस्टर पाहिलं, मांडणीवरची दोन पाकिटं नमुन्यासाठी काढून घेतली, सह्या झाल्या, चहा झाला. मागच्या गोदामात डीएपीच्या थप्पीआड काय आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं आणि पथकालाही नसेल असं मला वाटत नाही. त्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याकडे तपासणीच्या पट्ट्या होत्या. पान चुरडायचं, नळीत थेंबभर द्रावणात घोळायचं, पट्टी बुडवायची. तणनाशक सोसणारं जनुक असेल तर दुसरी रेघ उमटते. पाच-दहा मिनिटांचं काम. पट्ट्या मोजक्याच असल्याने त्या जपून वापराव्या लागतात, असं त्याने सांगितलं. समजा सापडलं, तर गुन्हा कशाखाली, असं मी विचारलं. त्याने बोटं मोजली. १९६६ चा बियाणे कायदा, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आपल्या राज्याचा २००९ चा कापूस बियाणे कायदा, आणि वर चारसोवीस. पाच कायदे, आणि बाहेर उभी एक मोटारसायकल.

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांवरचा आपला वाद ‘विष की वरदान’ याच्या पुढे सहसा सरकत नाही. मला त्यात दोन्हीकडे थोडं थोडं पटतं, म्हणून दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज असतात. पण माझा मुद्दा वेगळा आहे. या पिकांबद्दल निर्णय घेतो एक, राबवायचा असतो दुसऱ्याने आणि निस्तरतो तिसरा. ज्याच्या हाती ‘हो’ आहे त्याला परिणामांची झळ नाही. ज्याच्या हाती ‘नाही’ आहे त्याला कारण द्यावं लागत नाही. आणि ज्याला शेतात काय चाललंय ते दिसतं, त्याला कोणी विचारत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती राज्यसूचीत आहे, चौदाव्या क्रमांकावर. तिथे नुसती शेती नाही. शेतीचं शिक्षण, संशोधन, किडींपासून संरक्षण, पिकांच्या रोगांचा प्रतिबंध हे सगळं त्याच ओळीत लिहिलेलं आहे. मग बोंडअळीला मारणारं जनुक दिल्लीच्या अखत्यारीत गेलं कसं? स्टॉकहोममार्गे गेलं. १९७२ साली तिथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी तिला गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेल्या गोष्टी अमलात आणण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, असं २५३ वं कलम सांगतं. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला तो या कलमाच्या आधारावर. त्या कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेल्या जिवांबद्दलचे नियम निघाले. आज जीएम बियाण्याचं सगळं राज्य चालतं ते याच नियमांवर. म्हणजे बियाण्याकडे पाहायचा चष्मा कारखान्यातून गळणाऱ्या वायूसाठी बनवलेला आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असं नाही, पण त्यातून शेत नीट दिसत नाही.

नियमांत तीन पायऱ्या आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. वर दिल्लीची जीईएसी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती. तिच्या नावात आधी ‘मान्यता’ होतं, २०१० मध्ये ते ‘मूल्यांकन’ झालं. मधे राज्याची जैवतंत्रज्ञान समन्वय समिती, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. तपासणी, चौकशी आणि दंडात्मक कारवाई या तिन्हीचे अधिकार तिला आहेत. खाली जिल्हा समिती, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. तिच्यात कारखाना निरीक्षक आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी आहे, वैद्यकीय अधिकारी आहेत, कृषी अधिकारी आहेत. शेतकरी नाही. वरच्या जीईएसीत केंद्राची खाती आहेत, भारतीय कृषी अनुसंधान परिषद आहे, तज्ज्ञ आहेत. पण राज्यांसाठी एकही खुर्ची नाही. तेव्हा अधिकाराची वाटणी कागदावर झालेली आहे. फरक एवढाच, की विचार करायचं काम वर ठेवलं आणि पकडापकडीचं खाली दिलं. जिल्हाधिकाऱ्यांकडे समित्यांची काही कमी नसते; टंचाईपासून रस्ता सुरक्षेपर्यंत डझनावारी असतात. त्या ढिगात ही समितीही आहे, हे तुमच्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला विचारून पाहा.

ही वाटणी कशी फसते ते बीटी कपाशीच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. ऑक्टोबर २००१. गुजरातेत नवभारत १५१ नावाच्या कपाशीवर बोंडअळी पडत नाही, म्हणून शेतकरी खूश होते. तपासलं तर आत बीटीचं जनुक निघालं, आणि तोवर देशात एकाही बीटी वाणाला लागवडीची परवानगी मिळालेली नव्हती. पीक हजारो एकरांवर उभं होतं, बोंडं फुटली होती. जीईएसीने हुकूम काढला: उपटा, जाळा, निघालेला कापूस ताब्यात घ्या. हुकूम दिल्लीचा, पण उपटायला जाणार कोण? राज्याचा कर्मचारी. ज्या वर्षी शेजारची शेतं अळीने खाल्ली त्या वर्षी वाचलेलं पीक शेतकऱ्याच्या डोळ्यादेखत जाळायचं, हे कुठल्या राज्य सरकारला जमणार? गुजरातने ते केलं नाही. कापूस बाजारात गेला, सरकी पुढच्या हंगामात फिरली. पुढच्या मार्चमध्ये, २६ मार्च २००२ रोजी, महिको या बियाणे कंपनीच्या तीन बीटी वाणांना रीतसर परवानगी मिळाली. आज चोर बीटीच्या बाबतीत जे चाललंय ती त्याच गोष्टीची दुसरी आवृत्ती, फक्त यावेळी परवानगीचा शेवट आलेला नाही.

राज्यांच्या हाती काही दिलं तर ती गोंधळच घालतात, असं शास्त्रज्ञ मंडळी खासगीत म्हणतात. त्यांना आंध्रची आठवण करून द्यावीशी वाटते. सुरुवातीच्या वर्षांत बीटी पाकीट १,६०० रुपयांच्या वर होतं आणि त्यातला मोठा हिस्सा जनुकाच्या मालकीहक्कापोटी जात होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं, तिथे बाजू लढवली आणि पाकीट ७५० वर आणलं. मग आंध्र, गुजरात आणि २००९ मध्ये महाराष्ट्र, तिघांनी स्वतःचे कापूस बियाणे कायदे केले. केंद्राने देशभराची किंमत बांधायला घेतली ती डिसेंबर २०१५ मध्ये. जो प्रश्न राज्याला जवळून दिसत होता तो राज्याने आधी सोडवला, दिल्ली दहा वर्षांनी आली.

पण राज्यांना दुसरा अधिकार मिळाला तो कसा वापरला, तेही सांगायला हवं. २०११ मध्ये बिहारमध्ये जीएम मक्याच्या चाचण्या राज्याला न विचारता सुरू झाल्या, नितीश कुमारांनी हरकत घेतली. त्यावर असं ठरलं, की यापुढे शेतावरच्या चाचणीसाठी राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलं झालं. महाराष्ट्राने हे प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते पाहायला अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०१५ च्या सुरुवातीला भात, हरभरा, मका, वांगं आणि कापूस यांच्या चाचण्यांना ना हरकत दिली. ही रीत मला पटते. होकार की नकार हा पुढचा भाग, निदान विचारायला एक जाणता माणूस होता.

आता २०२३ पाहा. गुलाबी बोंडअळीला रोखणाऱ्या एका नव्या जनुकाची कपाशी बंदिस्त चाचणीसाठी तयार होती. जीईएसीने चार राज्यांना विचारलं. हरियाणा हो म्हणाला. तेलंगणाने आधी मुदत मागितली, मग त्या हंगामापुरतं नको म्हटलं. गुजरातने प्रस्ताव मान्य नाही असं कळवलं, का ते कळवलं नाही. महाराष्ट्राचाही होकार आला नाही. आता हा दैवदुर्विलास बघा: देशात कपाशीचं सर्वांत मोठं क्षेत्र आपलं, सुमारे ४० लाख हेक्टर, गुलाबी अळीने सर्वांत जास्त रडवलं आपल्याला, आणि तिच्यावरचा एक उपाय चालतो की नाही हे बघायच्या प्रश्नावर आपल्याकडून ना धड होकार, ना कारणासकट नकार. मला ती कपाशी चांगलीच आहे असं म्हणायचं नाही. नापास होईलही. पण परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि का ते सांगायचंही नाही, हा अधिकार नव्हे, ही टाळाटाळ आहे. ना हरकत म्हणजे हरकत नसणं. ज्याला हरकत आहे त्याने ती कागदावर मांडायला नको?

आता २०१७ कडे येतो, कारण या विषयावर माझं मत तिथे बनलं.

बोलगार्ड या बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीला, बोलगार्ड-२ ला, २००६ मध्ये परवानगी मिळाली. परवानगीबरोबर अट होती, बांधाने बिगर-बीटी कपाशी लावा, म्हणजे अळीला प्रतिकारशक्ती यायला वेळ लागेल. पाकिटासोबत १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची. ती पुडी आमच्याकडे कोणी लावली? मीही नाही लावली, आणि लावा असं सांगायला कोणी बांधावर आलंही नाही. २०१० मध्येच सौराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बोलगार्डला जुमानत नसल्याचं कंपनीने स्वतः जाहीर केलं. २०१५ पर्यंत बोलगार्ड-२ वरही ती गुजरातेत जगते आहे हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं. अमरेलीहून यवतमाळला यायला अळीला काही वर्षं लागली. ही बातमी संस्थेकडून मंत्रालयात, तिथून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून गावात पोचायला हवी होती, ती अळीच्या मागे राहिली. ती पोचवणं कोणाचंच काम नव्हतं. जीईएसीने परवानगी दिली, तिचं काम संपलं. राज्य म्हणालं, परवानगी आमची नव्हे. कंपनी म्हणाली, शेतकऱ्यांनी बिगर-बीटी लावली नाही. आणि आम्ही फरदड घेत राहिलो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पराटी उभी ठेवून अळीची सोय करत राहिलो. आमचा दोष मी लपवत नाही.

त्या हिवाळ्यात बोंड हातात घेतलं तर वरून सुरेख दिसायचं. नखाने फोडलं की आत गुलाबी ठिपका वळवळायचा, पाकळी काळी, सरकी पोकळ. वेचणीला आलेल्या बाया अर्ध्या दिवसात परत जायच्या, कारण किलोमागे मजुरी आणि पिशवीत वजनच भरत नाही. त्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले होते.

मग नुकसानभरपाई. ती मागायची कुठे? दिल्लीत कोणी गेलं नाही. लोक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गेले. तिथे डिसेंबरात घोषणा झाली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये. आकडा ऐकून टाळ्या पडल्या. नंतर कळलं, की ३०,८०० मधले १६,००० बियाणे कंपन्यांनी द्यायचे आहेत, ८,००० पीकविम्याचे आणि ६,८०० आपत्ती निवारण निधीचे. कंपन्यांचं म्हणणं, बियाणं सदोष नव्हतं, अळी बदलली. कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. राज्याचा कापूस बियाणे कायदा बियाण्याच्या गुणवत्तेसाठी केलेला होता, जनुकाची ताकद संपली तर काय, हे त्यात कोणी लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची जागा दिल्लीतल्या परवानगीपत्रात होती. तरी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक आठवडेच्या आठवडे बांधावर फिरले. लाखो शेतकऱ्यांनी ‘जी’ नमुन्यात तक्रारी भरल्या, पंचनामे झाले. माझ्या फाइलीत त्या अर्जाची पिवळी पडलेली पोच अजून आहे. पोच मात्र तत्परतेने मिळाली होती.

याच्या उलट टोकाला अकोली जहांगीर आहे. अकोट तालुक्यातल्या या गावी १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने जाहीरपणे, कॅमेऱ्यांसमोर तणनाशक-सहनशील कपाशी आणि बीटी वांगं लावलं. गुन्हे दाखल झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दिल्ली नको, मुंबई नको, तंत्रज्ञान वापरायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला द्या. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे खरंच आहे, आणि ज्याने जुलैच्या झडीत गवताने झाकलेलं रान पाहिलंय त्याला ते वेगळं सांगायला नको. मला या बाजूबद्दल आदर आहे, पण एका ठिकाणी मी थांबतो. माझ्या शेतातली फवारणी माझ्या बांधावर थांबत नाही. माझ्या फरदडीतली अळी शेजाऱ्याकडे जाते. शिवाय निंदण हे ज्यांचं पोट आहे त्या बायांना या स्वातंत्र्यात कोणी धरलेलं नाही. आणि त्यांचा हिशेब जीईएसीच्या कागदांतही नाही. तिथे उंदरांवरचे प्रयोग असतात, परागकणांची अंतरं असतात, पण एका तालुक्यात निंदणाचे किती दिवस बुडतील याला रकाना नाही. तो प्रश्न विज्ञानाचा नाही म्हणून तो दिल्लीत विचारला जात नाही, आणि राज्याला विचारायचा अधिकार नाही असं समजून राज्यही विचारत नाही.

प्रश्नच वेगवेगळे करायला हवेत, हे मी ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून शिकलो. तोही संघराज्य, तिथेही शेतीत राज्यांचा हात मोठा. त्यांनी २००० साली कायदा केला आणि माणसाच्या आरोग्याला, पर्यावरणाला धोका आहे का, हे ठरवायचं काम एका केंद्रीय नियामकाकडे दिलं. त्यावर राज्यांनी वाद घालायचा नाही. पण आपल्या मालाची बाजारातली ओळख जपण्यासाठी एखादं क्षेत्र जीएममुक्त ठेवायचं का, हे राज्यं ठरवू शकतात. टास्मानियाने बंदी ठेवली आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये मुख्य भूमीवरची उठवली, पण कांगारू बेटावर ठेवली, कारण तिथल्या बिगर-जीएम मोहरीवर्गीय तेलबियांना जपानी गिऱ्हाईक आहे. त्या वेळी स्थानिक नगरपालिकांनाही अर्ज करायला मुदत दिली होती. अकरांनी अर्ज केले, एकाचाही मान्य झाला नाही. म्हणजे तिसऱ्या पायरीची तिथेही उपेक्षाच. पण निदान अर्ज कशावर करायचा आणि उत्तर कोण देणार, हे त्यांना माहीत होतं. युरोपने २०१५ मध्ये असंच केलं. सुरक्षिततेचा निवाडा सगळ्यांसाठी एक, पण शेतीचं धोरण, जमिनीचा वापर, सामाजिक-आर्थिक परिणाम या कारणांवर प्रत्येक देश आपल्या हद्दीत लागवड नाकारू शकतो.

आपल्याकडे हे करायचं तर मी असं करीन. खायला सुरक्षित आहे का, मातीला आणि मधमाशीला काय होतं, रानटी भाऊबंदांत जनुक शिरेल का, याचं उत्तर एकच असू द्या आणि ते केंद्राने द्यावं. नागपूरला सुरक्षित असलेलं प्रथिन नांदेडला विषारी होत नाही. मात्र त्या टेबलाभोवती राज्यांचे कृषिशास्त्रज्ञ बसलेले हवेत आणि आकडेवारी पहिल्या दिवसापासून उघडी हवी. बीटी वांग्याची आकडेवारी लोकांसमोर यायला न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, आणि मग २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश सात शहरांत जनसुनावण्या घेत फिरले, त्यात एक नागपूरही होतं. राज्यांची पत्रं, लोकांची भाषणं, शास्त्रज्ञांची भांडणं असं सगळं एकत्र आलं आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती. त्या वाणांत मांजरी गोटाही होता, हे ऐकून पुण्याकडच्या माझ्या एका स्नेह्याने विचारलं होतं, की आमचं वांगं बदलायचं तर आम्हाला विचारायला नको का? प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो नेमका राज्याच्या पायरीवरचा प्रश्न आहे: कुठल्या स्थानिक वाणाला हात लावायचा, कुठला ठेवायचा.

राज्याचा अधिकार खरा असावा, पण मुका नसावा. आमच्या कोरडवाहूत हे चालेल का, आमच्या मजुरीचं काय होईल, आमच्या बाजाराला हे परवडेल का, यावर राज्याने ठरावीक दिवसांत हो किंवा नाही म्हणावं, कारणं लिहून छापावीत, आणि त्या कारणांना कोणालाही आव्हान देता यावं. मुदतीत उत्तर आलं नाही तर प्रकरण विधिमंडळापुढे जावं. गप्प बसणं हा नकार धरायचा नाही आणि होकारही नाही. बाजाराचा प्रश्न किती खरा आहे ते लातूरला विचारा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला मुभा दिली. ज्या देशात जीएम सोयाबीन पेरायला बंदी, त्यात पेंड आणायला परवानगी! पुढच्या काही आठवड्यांत सोयाबीनचे भाव कोसळले. त्याला नव्या हंगामाची आवक वगैरे कारणंही होती. पण नुकसान कोणाच्या शिवारात होणार हे उघड असताना त्या राज्यांना विचारण्याची कुठलीही पायरी त्या आदेशाच्या वाटेत नव्हती.

आणि जिल्हा. तिथे पैसा लागतो, बाकी सगळं आहे. ४० लाख हेक्टर, हेक्टरी चार पाकिटं धरली तर १ कोटी ६० लाख पाकिटं. पाकिटामागे फक्त पाच रुपये बाजूला काढले तर वर्षाला आठ कोटी होतात. त्यातून तपासणीच्या पट्ट्या, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे, प्रतिकारशक्तीची दरवर्षीची चाचणी आणि जिल्हा समितीचा दर हंगामाला छापील अहवाल एवढं सहज निघेल. समितीवर शेतकरी हवेत, निंदणाला जाणारी एखादी बाईही हवी. आणि अहवालात ‘जनुक कमजोर पडतंय’ असं आलं तर वरच्या दोन्ही पायऱ्यांना ठरावीक काळात लेखी उत्तर देणं बंधनकारक. २०१७ च्या आधी अशी एक जरी सूचना खालून वर गेली असती, तर निदान कोणी ऐकलं नाही हे नोंदलं गेलं असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बियाण्याला सीमा कळत नाही. महाराष्ट्राने नाही म्हटलं तरी गुजरात, तेलंगणातून पाकीट येणारच. चोर बीटीने ते दाखवून दिलंय. खरं आहे. पण चोर बीटी आली ती कुणा राज्याने होकार दिला म्हणून नाही; सगळीकडे नकार असूनच ती आली. शिवाय प्रत्येक पीक सारखं नसतं. कपाशी बरीचशी स्वतःच्याच परागांवर भागवते. मोहरीची गोष्ट वेगळी; तिच्यावर मधमाश्या राबतात, तिचे पराग शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकतात. म्हणून राजस्थानच्या निर्णयात हरियाणा आणि मध्य प्रदेशालाही बोलता आलं पाहिजे. दिल्ली विद्यापीठात घडवलेल्या डीएमएच-११ या मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दाखवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ जुलै २०२४ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. करोल यांची मतं फुटली. एकाने मान्यता ग्राह्य धरली, एकाने नाही. पण एका बाबतीत दोघांचं जुळलं: केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण आखावं, राज्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून आखावं, शक्यतो चार महिन्यांत. ते चार महिने त्याच नोव्हेंबरात संपले, धोरण आलं नव्हतं.

तोवर विषयच पुढे सरकलाय. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने जनुक-संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, पिकांचे दोन प्रकार, ज्यांत शेवटी परकं जनुक उरत नाही ते, १९८९ च्या नियमांतल्या मुख्य अटींमधून वगळले गेले. ४ मे २०२५ रोजी भाताची अशी दोन वाणं जाहीरही झाली. परकं जनुक नाही तर जीईएसीचा फेरा कशाला, हे मला विज्ञान म्हणून पटतं. पण त्या फेऱ्याबरोबर राज्याचं ना हरकत प्रमाणपत्रही आपोआप गेलं, आणि मुंबईत त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांत असं वाण उद्या आलं, कदाचित चांगलंही निघालं, तर ते कुठे लागलंय, त्यावर पुढे करपा आणि खोडकिडा कसा वागतोय, याची नोंद ठेवायला कोणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्या ओळखीच्या त्या अधिकाऱ्याने पान चुरडून, नळीत घोळून पट्टी बुडवली, तर तिच्यावर दुसरी रेघ उमटणारच नाही. ती पट्टी परकं प्रथिन शोधायला बनवलेली आहे.